मिठाचा मुलामा

गुलाबांवर औषध मारायचा पंप खांद्याला अडकवून रुप्रेख्त डीट्झेल आपल्या मोटारसायकलवर मिठाचं पाणी मारत होता.

गेझीन वोलराब हे सगळं लाकडांच्या थप्पीआडून पाहत होती. हेरगिरी करायला ती आलेली नव्हती. सकाळी आल्टेनबुर्ग सोडल्यापासून तिने दाबून धरलं होतं, आणि वरच्या मेळ्यात पोचायच्या आधी आडोसा म्हणावा अशी ही एकच जागा होती, बंद पडलेली लाकडाची वखार. बाजूला तिसऱ्या चाकाची टोपली जोडलेली, साइडकारची मोटारसायकल तिने रस्त्याकडेला झाडाखाली उभी केली, थप्पीमागे गेली, अंगावरचे कपड्यांचे सगळे थर उतरवले, परत चढवले, आणि निघणार तोच वखारीच्या अंगणात तिला पांढरी व्हॅन दिसली. मागची दारं सताड उघडी. आतून खाली एक लाकडी फळी टेकवलेली. फळीच्या पायथ्याशी डीट्झेलची मोटारसायकल, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी लख्ख.

आणि तो तिच्याभोवती फिरत होता. आधी पुढचं चाक, मग इंजिन, मग बॅगा. फवारा मारायचा, दोन पावलं मागे सरायचं, मान तिरकी करून बघायचं, पुन्हा मारायचा. नवरदेवाला हळद लावणाऱ्या करवल्याही इतक्या निगुतीने लावत नाहीत.

हिवाळ्यात त्या डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि लांबून आलेली गाडी पार राखाडी होऊन पोचते. स्वतःला बर्फकोल्हे म्हणवणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या या मेळ्यात हीच प्रतिष्ठा. गाडी जितकी घाण तितका माणूस मोठा. फेब्रुवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत आपापल्या घरापासून मोटारसायकलवर यायचं, बर्फावर पेंढा अंथरून तंबूत झोपायचं, कढईतला मांसाचा गुलाश रस्सा खायचा आणि रविवारी तसंच कुडकुडत परत जायचं. चार चाकांवर येणाऱ्याला फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी. आणि हा नियम ज्याने केला, जो पार विस्मारहून, समुद्रकाठावरून येतो म्हणून दर वर्षी दारूच्या शिंगातून पहिला घोट ज्याचा, ज्याच्या येण्याला यंदा तीस हिवाळे पुरे होत होते, तो मेळ्याचा अध्यक्ष आपल्या गाडीला मिठाचा मुलामा चढवत होता.

गेझीनला हसू आलं नाही.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. तिचा नवरा फोल्कमार छातीच्या दुखण्याने निम्मा झाला होता. वाऱ्यात जायचं नाही, मोटारसायकलचं तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जवानीपासून या माणसाने एक मेळा चुकवला नव्हता. "एकदाच, गेझीन," तो म्हणाला, "शेकोटीशी तासभर बसतो. मग हवं तर मरतो." तिने त्याला घोंगड्यांत गुंडाळलं, मोटारीत घातलं आणि वर नेलं.

फाटक म्हणजे काय, रस्त्यावर आडवा टाकलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लांबलचक खांब. तो वरखाली करायला हेनर, खालच्या गावातला अबोल माणूस. हेनरने खांब उचलला नाही. तो डीट्झेलला बोलावून घेऊन आला.

डीट्झेल खिडकीशी वाकला. "फोल्कमार, तुला बघून बरं वाटलं रे. पण हे काय घेऊन आलास?"

"फुप्फुसं घेऊन आलोय," फोल्कमार म्हणाला. "उरलीत तेवढी."

"हे बघ, आज तुझ्यासाठी खांब उचलला तर उद्या जो तो हीटर लावून, गुबगुबीत गादीवर बसून येईल. मग मेळा कसला, किराणा दुकानासमोरचं पार्किंग होईल हे."

"मग कुणाच्या तरी साइडकारमध्ये टाक मला. इथून शेकोटीपर्यंतच. माझे पाय जमिनीला लागणार नाहीत आणि तुझा नियमही मोडणार नाही."

"मेळा घराच्या दारातून सुरू होतो, फोल्कमार. फाटकापासून नाही."

मागे वीसेक कोल्हे पेले हातात धरून उभे होते. साइडकारवाले त्यांत चांगले पाच-सहा होते. प्रत्येक जण आपापल्या पेल्यात बघत राहिला. कढईवाला टीलोसुद्धा, ज्याच्या लग्नात फोल्कमार साक्षीदार म्हणून उभा राहिला होता.

गेझीनने मोटार मागे घेऊन खालच्या सपाटीवर लावली. फोल्कमारने काच उघडी ठेवायला सांगितली, वरची गाणी ऐकू यावीत म्हणून. बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "चल घरी." वाटेत एक अक्षर बोलला नाही. ईस्टर उजाडायच्या आत गेला.

मेलेल्या कोल्ह्याच्या गाडीची नंबरप्लेट मेळ्याच्या लाकडी खोपटातल्या तुळईवर ठोकतात. तोच त्यांचा दगड आणि तीच समाधी. फोल्कमार कबरस्तानातल्या जागेबद्दल कधी काही बोलला नव्हता, पण तुळईवरची आपली जागा त्याने बोटाने दाखवून ठेवली होती. गेझीनने प्लेटचं विचारायला फोन केला तेव्हा डीट्झेल म्हणाला, शेवटच्या वर्षी जो चार चाकांवर आला त्याची प्लेट लागत नाही. नियम सगळ्यांना सारखा. "तू समजूतदार बाई आहेस," असंही वर म्हणाला.

ती मुळीच समजूतदार नव्हती. शेकोटीशी उभं राहून बोलायचा हक्क फक्त मोटारसायकलवर आलेल्याला, हे तिला ठाऊक होतं. तिने फोल्कमारची गाडी विकली, जुनी साइडकारवाली घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर शिकायला बसली. साइडकारची गाडी म्हणजे लग्नातला रुसलेला जावई, तुम्ही म्हणाल तिकडे कधी जायची नाही. उजवीकडे वळलात की टोपली हवेत, ब्रेक दाबलात की तोंड कुंपणात. शेजाऱ्यांची दोन कुंपणं तिने पाडली. शेजारी खिडकीतून हसायचे, आणि ती दात आवळून पुन्हा गाडी सुरू करायची. प्रत्येक किकला डोळ्यांसमोर एकच तोंड असायचं. त्या तोंडासमोर, भर शेकोटीशी उभं राहून, सगळं सांगायचं आणि प्लेट त्याच्या छातीवर आपटायची, एवढा बेत घेऊन ती आज निघाली होती. पण देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

"मागचं चाक राहिलं," ती थप्पीमागून बाहेर येत म्हणाली.

डीट्झेलच्या हातातली नळी गळून पडली. "गेझीन! तू... तू इथे काय करतेस?"

"मुतायला आले होते. तू?"

"गाडी बिघडली गं वाटेत. म्हणून नाइलाजाने एका मित्राची व्हॅन..."

"आणि पंप? तोही वाटेतच बिघडला?"

त्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि हात तिच्यापुढे धरला. बोटं मेणबत्तीसारखी पांढरीफटक होती. "थंडी लागली की रक्तच उतरत नाही बोटांत. ब्रेक दाबला की नाही तेही समजत नाही. दोनदा पडलो. सांगणार कुणाला? मी अध्यक्ष. हा तिसरा हिवाळा आहे असा."

गेझीनने मनातल्या मनात मागे मोजलं. मोजायला फार काही नव्हतं.

"तिसरा? म्हणजे फोल्कमारला फाटकावरून हाकललंस, त्या वर्षी तुझी व्हॅन कुठे होती?"

डीट्झेल नुसता त्या अंगणाकडे बघत राहिला, आणि तिला उत्तर मिळालं.

त्या क्षणी फळी उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं तिला वाटलं. घातलीही असती, पण डीट्झेल माणूस मुरलेला. तिचं तोंड बघून त्याने चटकन सौदा मांडला. "प्लेट आणलीस ना? आज ठोकतो. सगळ्यांसमोर, माझ्या हाताने. नियमाचं माझ्यावर सोड. तू फक्त हे..." त्याने व्हॅनकडे मान हलवली.

गेझीन विचारात पडली. सूड तिचा होता, पण तुळईवरची जागा फोल्कमारची होती. आणि मेलेल्या माणसाची इच्छा जिवंत माणसाच्या रागापेक्षा आधी, एवढं तिला अजून कळत होतं.

"व्हॅन हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही," ती म्हणाली. त्या पांढऱ्या हाताशी हात मिळवून ती आपल्या गाडीकडे गेली.

फाटकावर हेनरने तिला पाहिलं, साइडकार पाहिली, खांब वर केला आणि गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवली. मोटारसायकलवर येणाऱ्या प्रत्येकासाठी वाजते तशीच. गरम सूपचा पेला त्याने तिच्या हातात ठेवला. मागोमाग डीट्झेल आला, डोक्यापासून चाकापर्यंत मिठाने माखलेला, आणि लोक टाळ्या पिटत धावले. "बघा, बघा! समुद्र अंगावर घेऊन आलाय म्हातारा!" टीलो कढईजवळून ओरडला.

संध्याकाळी शेकोटी पेटली. शिंग फिरलं. डीट्झेलने खोपटाची दोन्ही दारं उघडायला लावली, शिडी मागवली आणि फोल्कमारची प्लेट चार खिळ्यांनी तुळईवर ठोकली. हातोडा त्याच्या हातातून निसटत होता, ते फक्त गेझीनला कळत होतं. शेवटचा खिळा बसला. एवढ्यावर तो खाली उतरला असता तर गोष्ट इथेच संपली असती. ती प्लेटखाली एक घोट प्याली असती, घरी गेली असती आणि व्हॅनचं गुपित स्वतःबरोबर मातीत नेलं असतं.

पण अध्यक्षांना बोलायचं होतं. नाकाने कांदे सोलायची सवय अशी जात नाही.

"फोल्कमार माझा भाऊ होता," शिडीवरूनच डीट्झेल म्हणाला. "काही जण विचारतील, नियमाचं काय? तर ऐका. शेवटच्या वर्षी त्याला यायचं होतं, पण शरीराने साथ दिली नाही. घरातूनच निघू शकला नाही बिचारा. अरे, नुसता फाटकापर्यंत जरी पोचला असता ना, तरी मी त्याला पाठुंगळी मारून शेकोटीपर्यंत आणला असता!"

लोकांनी डोळे पुसले. फाटकाशी त्या दिवशी उभे असलेलेही तिथे होते, आणि त्यांनी पुन्हा आपापल्या पेल्यांत बघितलं. फोल्कमार वर आला होता, काच खाली करून बोलला होता, तासन् तास थंडीत गाणी ऐकत बसला होता, हे सगळं त्या माणसाने एका वाक्यात पुसून टाकलं, आणि वर त्याचा हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. गेझीनच्या डोक्यात तिडीक गेली. पाठुंगळी! आता तुला दाखवतेच, ती मनात म्हणाली.

ती शेकोटीपुढे जाऊन उभी राहिली. "मी आज मोटारसायकलवर आले आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे."

"बोल गं!" लोक ओरडले. डीट्झेल शिडीला धरून उभा राहिला.

"रुप्रेख्तने माझ्या नवऱ्याला एवढा मान दिला, त्याची परतफेड करायला नको?" तिचा आवाज मधासारखा झाला होता. "रिवाज आहे, उद्या सकाळी शिंगाचा पहिला मान ज्याचा त्याला सोडायला सगळे मोठ्या रस्त्यापर्यंत जातात. पण हा माणूस तीस हिवाळे एकटा आला आणि एकटा गेला. यंदा आपण त्याला विस्मारपर्यंत सोडू. थेट दारात. तोच म्हणतो ना, मेळा घराच्या दारातून सुरू होतो? मग यंदा तिथेच संपवू."

एक जण ओरडला, दुसरा ओरडला, आणि बघता बघता सगळा डोंगर दणाणला. काहींचा आवाज जरा उशिरा निघाला, पण निघाला. सगळे हो म्हणत असताना नाही म्हणून कोण तोंड काळं करून घेणार?

"अरे, कशाला एवढं!" डीट्झेल म्हणाला. "लोकांना सोमवारी कामं आहेत."

"कामं गेली खड्ड्यात!" टीलोने पळी उंचावली. "विस्मारला मासे खाऊ!"

डीट्झेलचा चेहरा आता बोटांच्या रंगाचा झाला. गेझीनने त्या रात्री पेंढ्यावर गाढ झोप काढली.

सकाळी ती साइडकारमध्ये तंबू कोंबत असताना तो आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

"पाळलाय की. काढलं का मी नाव?"

"मला नाही जमणार गं. हात चालत नाहीत. पडेन कुठेतरी, ट्रकखाली जाईन. तुला हेच हवंय का?"

"मला तू मरायला नकोयस. मला तू बोलायला हवायस. एक वाक्य आहे, रुप्रेख्त. जा, सांग त्यांना."

"तीस वर्षं आहेत माझी इथे."

"फोल्कमारची काय कमी होती?"

"मी हात जोडतो."

"जोडता येतायत का? मग ब्रेकही दाबता येईल."

तो तसाच मान खाली घालून गेला. त्याची पाठ बघून गेझीनला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. मरताना फोल्कमारचे खांदे असेच खाली आले होते.

मग ती वरात निघाली. पुढे डीट्झेल, मागे गेझीन, आणि तिच्यामागे साठ-एक गाड्यांची धूर ओकणारी रांग. रस्त्यावर रात्रीचं दव गोठून काच झाली होती. दर वळणाला डीट्झेलची गाडी डुलत होती. दोनदा त्याने क्लच सोडून हात मांडीखाली दाबून धरला, आणि दोन्ही वेळा गेझीनने मुद्दाम हॉर्न वाजवला, म्हणजे मागचे साठही वाजवतील. त्यांनी वाजवले. त्यांना वाटलं जल्लोष चाललाय.

वखार आली. डीट्झेलने पाय जमिनीला घासत गाडी आत वळवली. त्याच्यामागे गेझीन वळली, तिच्यामागे रिवाजाप्रमाणे सगळी रांग वळली, आणि ते अंगण गाड्यांनी गच्च भरून गेलं.

तो उतरला. हेल्मेट काढायलाही त्याला दोन्ही हात पुरे पडेनात. व्हॅनशी जाऊन त्याने मागची दारं उघडली. आत ती फळी होती, तो पंप होता आणि मिठाचं अर्धं पोतं होतं.

"ही माझी आहे," तो म्हणाला. "या वर्षी, गेल्या वर्षी, आणि त्याच्या आधीच्या वर्षीही. विस्मारहून इथपर्यंत हीटर लावून येतो. मीठ मीच मारतो." एवढं बोलून तो फळीवर बसला.

इंजिनं एकेक करून बंद झाली. कुणी हललं नाही. हाच तो क्षण होता, ज्यासाठी गेझीनने दोन कुंपणं पाडली होती. आता थुंकतील, ती म्हणाली मनात. आता याच्या जाकिटावर शिवलेला मेळ्याचा कोल्हा उसवून घेतील.

आणि टीलो हसला.

आधी नाकातून, मग तोंडभर, मग पोट धरून. "अरे रुप्रेख्ता, गाढवा! माझी व्हॅन चर्चच्या मागे उभी आहे! मला रात्रभर झोप नाही, विस्मारला जाऊन परत कसा येऊ म्हणून!"

"माझी दूधडेअरीच्या आवारात," मागून कुणीतरी म्हणालं.

"आम्ही तिघं मिळून एक ट्रेलर आणतो. पलीकडच्या गावात ठेवतो, इथे कुणी बघेल म्हणून."

"पंप बरा आहे रे. आम्ही आपले मिठाच्या पाण्यात झाडू बुडवून मारतो."

मग जो तो बोलायला लागला. निम्मे तरी असतील. काही खरोखरच घरापासून आले होते, ते आधी चिडले, मग तेही हसायला लागले. सगळे एकाच माळेचे मणी. लोक डीट्झेलच्या पाठीवर थापा मारू लागले, कुणीतरी बाटली काढली, आणि रडवेला अध्यक्ष बघता बघता हसायला लागला. त्याची बोटं चोळायला दोघं बसले.

"घरोघरी मातीच्या चुली, गेझीन!" टीलो डोळे पुसत तिच्याकडे वळला. "बरं झालं बघ तुझ्यामुळे. पुढच्या वर्षीपासून नियमच काढून टाकू. फोल्कमारच्या नावाने काढू, काय रे?"

"फोल्कमारच्या नावाने!" बाटलीवाला म्हणाला.

तिने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "टीलो, त्या वर्षी होती का तुझी व्हॅन चर्चमागे?"

"कोणत्या वर्षी?"

"कोणत्या ते तुला माहीत आहे."

टीलोचं हसू ओठांवरच राहिलं. "होती बहुतेक."

"आणि तुझी, डेअरीवाल्या? आणि तुमचा ट्रेलर?" डेअरीवाला एक पाऊल मागे सरला. "तो खालच्या सपाटीवर काच उघडी ठेवून बसला होता, तुमची गाणी ऐकायला. त्याला वाटत होतं, आपण एकटेच असे निघालो. घरी येईपर्यंत बोलला नाही, इतकी लाज वाटली त्याला. माझ्या नवऱ्याला लाज वाटली, आणि तुम्हा सगळ्यांच्या व्हॅना चारी बाजूंना लपवलेल्या होत्या. खांब उचलू नका म्हटलं होतं ना रुप्रेख्तने? नका उचलू. पण रात्री गुपचूप खाली येऊन खिडकीशी वाकून एवढं म्हणायला काय झालं होतं, की फोल्कमार, मी पण?"

बाटली ज्याच्या हातात होती त्याच्याच हातात राहिली.

"त्याच्या नावाने काहीही काढू नका," ती म्हणाली. "त्याचं नाव घेऊ नका."

तिने गाडी वळवली. लोकांना बाजूला सरकून तिला वाट द्यावी लागली. ती पुन्हा डोंगर चढून, हेनरने उचललेल्या खांबाखालून वर गेली. खोपटात कुणी नव्हतं. तिने शिडी लावली आणि टायर काढायची लोखंडी पट्टी प्लेटखाली घालून एकेक खिळा उपसला. दोन खिळे आले, दोन तुळईत तुटून राहिले. प्लेट एका कोपऱ्यात वाकली. ती तिने जाकिटाच्या आत छातीशी सरकवली आणि खाली निघाली.

फाटकाशी हेनर एकटाच आपल्या पत्र्याच्या पिंपातली शेकोटी शेकत उभा होता. सगळे गेले तरी त्याने सवयीने खांब आडवा टाकून ठेवला होता. तिला बघून तो दोरीकडे धावला.

"वर नको करूस," गेझीन म्हणाली. "खिळीतून काढ तो."

"काढू? कशाला?"

"पिंपात घालायला."

हेनरने तिच्याकडे बघितलं. "त्या दिवशी मला सांगितलं तसं मी केलं, गेझीन."

"माहीत आहे. आज मी सांगते तसं कर."

दोघांनी मिळून तो लांबलचक खांब खिळीतून उचलला आणि त्याचं टोक पिंपात खुपसलं. लाकूड जुनं आणि सुकं होतं. आधी रंगाला फोड आले, लाल आणि पांढरा एकमेकांत वितळून खाली गळला, मग ज्वाळा वर आली. टोक जळून गेलं की ते दोघं खांब आणखी आत ढकलत. हेनर घामाघूम झाला, पण थांबला नाही.

खांब अर्धा जळाला असेल तेव्हा खालून व्हॅनचा आवाज आला. पांढरी व्हॅन, मागे मोटारसायकल चढवलेली. आडवं यायला काही नव्हतं तरी ती फाटकाच्या जागेपाशी थांबली. डीट्झेल उतरला, पिंपाकडे पाहिलं, हेनरकडे पाहिलं. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो वेगळाच.

"प्लेट काढून आणलीस ना, गेझीन? राहू दे ती वर. मी नवीन खिळे घेऊन आलोय."

तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. तो दारूच्या वासाने भरलेला, उघड्या हातांनी तिथे उभा होता, आणि बोटं पुन्हा पांढरी पडायला लागली होती. आगीकडे दोन पावलं आला आणि थांबला, परवानगी मागितल्यासारखा.

"शेक," गेझीन म्हणाली. "तुझंच फाटक आहे."

तिने किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि ती जळत्या खांबाला वळसा घालून उताराला लागली. मागे डीट्झेलने जरा वेळ वाट पाहिली, मग दोन्ही हात आगीवर धरले. थंडी फार होती.